निःशब्द उच्चाराचे वाचन : श्राव्यातीत ध्वनी आणि मराठी वर्णमाला

मनुष्याच्या बोलण्यात दोन वेगळी कामे एकाच वेळी चालतात. फुप्फुसातून वर येणारी हवा स्वरयंत्रातील स्वरतंतूंना कंपित करते आणि त्यातून नाद उत्पन्न होतो. हा नाद, किंवा नाद नसेल तेथे नुसता श्वास, पुढे जीभ, टाळू, दात आणि ओठ यांच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या रचनेतून जाताना वर्णाचे रूप घेतो. ही दोन कामे इतकी एकजीव झालेली असतात की त्यांपैकी एक थांबले तरी दुसरे चालू राहू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही. जपाच्या परंपरेने मात्र हा भेद फार पूर्वी ओळखला होता. मोठ्याने केलेला वाचिक जप आणि मनातल्या मनात केलेला मानस जप यांच्यामध्ये तिने उपांशु जपाला स्थान दिले. त्यात ओठ आणि जीभ हलतात, पण शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल असा ध्वनी उमटत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असा उपांशु उच्चारच आहे, मात्र तो येथे यंत्राने वाचायचा आहे आणि त्यासाठी वापरायचे साधन आहे श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे ज्याची कंपने सेकंदाला वीस हजारांहून अधिक असल्यामुळे मानवी कानाला ऐकू येत नाही असा ध्वनी.

या तंत्राची वर्णने वाचताना बहुधा एकच चित्र पुढे येते. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोच्या किंवा बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या गर्दीत उभा असलेला प्रवासी नुसते ओठ हलवून मोबाइलला आज्ञा देतो, आणि त्याचा बँकेचा क्रमांक शेजाऱ्याच्या कानावर जात नाही. ही सोय खोटी नाही आणि उपनगरांत राहणाऱ्याला तिचे मोल समजावून सांगावे लागत नाही. परंतु या संशोधनावर पहिला हक्क आहे तो कर्करोगामुळे स्वरयंत्र गमावलेल्या माणसाचा, ज्याची जीभ, ओठ आणि भाषा शाबूत आहेत, फक्त नाद गेला आहे. त्याच्यासाठी मराठीतून चालणारे साधन घडवायचे असेल तर यंत्राइतकाच मराठी वर्णांच्या घडणीचा विचार करावा लागेल, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

प्रथम यंत्राविषयी. सोनोग्राफी म्हणून जी तपासणी घरोघरी परिचित आहे, तिच्यातलाच प्रोब हनुवटीखाली, जबड्याच्या हाडाच्या दोन बाजूंमधल्या मऊ जागेवर जेल लावून टेकवला, तर सेकंदाला साधारण तीस ते ऐंशी लाख कंपनांच्या ध्वनिलहरी जिभेच्या स्नायूंतून वर जातात. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो, त्यामुळे पन्नास लाख कंपनांच्या लहरीची लांबी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतकी भरते आणि तेवढा बारकावा चित्रात येऊ शकतो. लहर जिभेच्या वरच्या पृष्ठभागाशी पोचली की तिला समोर हवा भेटते, आणि ऊती व हवा यांच्या घनतेत व वेगात इतका फरक असतो की जवळजवळ संपूर्ण लहर तेथून परत फिरते. विहिरीच्या काठावरून दिलेली हाक जशी पाण्यावर आपटून माघारी येते तशी. म्हणूनच पडद्यावर जिभेची वरची कडा एका ठळक पांढऱ्या वक्ररेषेच्या रूपात दिसते. आठ सेंटिमीटर खोलीपर्यंत जाऊन परत यायला लहरीला एका सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. अशा चौसष्ट रेषांनी एक चित्र तयार होते असे धरले तरी सेकंदाला दीडशे चित्रे घेता येतात, आणि जिभेच्या चपळाईला तेवढी पुरतात.

याच भौतिकशास्त्रात साधनाच्या मर्यादाही आहेत. लहर हवेपाशी थांबत असल्याने टाळू दिसत नाही, मृदू टाळूची उघडझाप दिसत नाही, आणि दातांचा तर प्रश्नच येत नाही. पुढून जबड्याचे हाड आणि मागून जिभेच्या मुळाशी असलेले कंठिकास्थी लहरींना अडवतात, त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजूंना काळी सावली पडते. जिभेचे टोक वर उचलले गेले की त्याच्या खाली हवेची पोकळी तयार होते, आणि मग नेमके टोकच चित्रातून नाहीसे होते. ओठांसाठी म्हणूनच बहुतेक संशोधकांनी प्रोबच्या जोडीला एक छोटा कॅमेरा ठेवला आहे.

जिभेच्या अशा चित्रांतून थेट वाणी घडवता येईल का, हा प्रश्न पॅरिसमध्ये काम करणारे ब्रूस डेन्बी आणि अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या मॉरीन स्टोन यांनी २००४ मध्ये एका शोधनिबंधात मांडला. पुढे तोमा ह्युबेर, जेरार शोले आणि इतरांनी तो फ्रान्समध्ये चिकाटीने पुढे नेला, आणि २०१० मध्ये 'स्पीच कम्युनिकेशन' या नियतकालिकाने निःशब्द उच्चारावर स्वतंत्र अंक काढला तेव्हा या क्षेत्राला स्वतःचे नाव मिळाले. अगदी सुरुवातीच्या पद्धतीत जिभेच्या कडेची आकृती आधी वेगळी काढून मग तिची वर्णांशी जुळणी करत. पुढे ही पायरी गळाली, आणि मोठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून स्वतःच जुळण्या शिकणारी गणिती रचना, हाताशी आल्यावर संपूर्ण चित्रच शिकण्याची सामग्री बनले. हंगेरीत तामाश गाबोर चापो आणि सहकाऱ्यांनी २०१७ पासून याच मार्गाने चित्रांवरून थेट आवाज घडवला. २०१९ मध्ये टोकियो विद्यापीठातील नाओकी किमुरा, मिचिनारी कोनो आणि जुन रेकिमोतो यांनी हनुवटीखालच्या प्रोबवरून असा आवाज निर्माण केला की बाजारात मिळणाऱ्या सामान्य स्मार्ट स्पीकरने तो ऐकून आज्ञा पाळली. डेन्बी यांच्या गटाने सर्वांसाठी खुल्या केलेल्या एका वक्त्याच्या इंग्रजी सामग्रीवर शब्दांतील चुकांचे प्रमाण आधी सुमारे १७ टक्के होते, ते २०१८ पर्यंत साडेसहा टक्क्यांच्या आसपास आले. हे यश मोठे आहे. पण तो वक्ता एक होता, भाषा इंग्रजी होती आणि प्रोब डोक्यावर घट्ट बसवलेल्या शिरस्त्राणाला जोडलेला होता, हे विसरून चालणार नाही. प्रोब काही मिलिमीटर सरकला की चित्र बदलते, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस यंत्राला परका वाटू लागतो.

श्राव्यातीत ध्वनीचा दुसराही एक उपयोग आहे, ज्यात शरीराला स्पर्शच करावा लागत नाही. सेकंदाला चाळीस हजार कंपनांची लहर हवेतून चेहऱ्यावर सोडली आणि परत आलेली लहर टिपली, तर हलणाऱ्या ओठांमुळे आणि हनुवटीमुळे तिची कंपनसंख्या किंचित बदललेली आढळते. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा अधिक उंच का ऐकू येतो हे सांगणारा डॉप्लर परिणाम तो हाच. ओठ सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने हलत असतील तर हा बदल अवघा तेवीस कंपनांचा भरतो, तरी तो मोजता येतो. कौस्तुभ कळगावकर आणि भीक्ष राज यांनी २००७ च्या सुमारास या पद्धतीने माणूस बोलतो आहे की नाही हे ओळखून दाखवले, आणि २०१० मध्ये राज यांच्या गटाने अशा लहरींवरून आवाज घडवण्याचाही प्रयत्न केला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २०२३ मध्ये चष्म्याच्या चौकटीवर बारीक स्पीकर आणि माइक बसवून एकतीस निःशब्द आज्ञा ओळखण्यात आल्या. ठरावीक आज्ञांसाठी ही पद्धत सुटसुटीत आहे. परंतु हवेत अशा लहरीची लांबी साडेआठ मिलिमीटर असल्याने आणि ती तोंडाच्या आत फारशी पोचत नसल्याने, जिभेचे बारकावे तिच्या आवाक्याबाहेर राहतात. मोकळ्या संभाषणासाठी हनुवटीखालचा प्रोबच अधिक भरवशाचा आहे.

आता मराठीकडे वळावे. प्राचीन शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी वर्णांची जी मांडणी केली, ती पाच ओळी आणि पाच स्तंभांचे कोष्टक आहे. ओळी स्थानाच्या आहेत: कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ. स्तंभ प्रयत्नाचे आहेत: अघोष, महाप्राण अघोष, सघोष, महाप्राण सघोष आणि अनुनासिक. ओळ जीभ आणि ओठ ठरवतात. स्तंभ ठरतो तो स्वरतंतूंच्या कंपनाने, श्वासाच्या जोराने आणि मृदू टाळूच्या उघडझापीने. सोनोग्राफीचे चित्र या कोष्टकाशी पडताळून पाहिले की एक गोष्ट लख्ख होते: यंत्राला ओळी दिसतात, स्तंभ दिसत नाहीत. काळ, चाळ, टाळ, ताळ आणि पाळ हे शब्द निःशब्दपणे उच्चारले तर पाचांच्या आरंभीची आकृती वेगवेगळी येते. मूर्धन्य वर्णात टोक चित्रातून निसटले तरी त्यामागच्या जिभेचा आकार दंत्य वर्णाहून निराळा राहतो. परंतु कडी, खडी, गडी आणि घडी या चार शब्दांत जीभ तेच काम त्याच जागी करते, आणि पार, फार, बार, भार, मार या पाचांत ओठ. स्वरतंतू गप्प असताना हे शब्द वेगळे करणारी खूण तोंडात जवळजवळ उरतच नाही. सघोष स्पर्शवर्णाच्या वेळी जिभेचे मूळ किंचित पुढे सरकते असे काही भाषांत आढळले आहे, पण मुक्याने बोलताना अशा दुय्यम खुणांवर फार विसंबता येत नाही. मुंबईत पुष्कळांच्या तोंडी 'फार'मधला फ दात आणि खालचा ओठ यांच्या घर्षणाने उच्चारला जातो; तेवढ्यापुरता तो कॅमेऱ्याला ओळखू येईल, हा योगायोगाने झालेला लाभ म्हणावा लागेल.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. 'चहा' आणि 'चिमणी' यांतला तालव्य च आणि 'चाक' व 'चूल' यांतला दंततालव्य च मराठीत एकाच अक्षराने लिहितात, पण तालव्य उच्चारात जिभेचा पुढचा भाग कठीण टाळूकडे उंचावतो आणि चित्रात तो फरक उमटतो. म्हणजे एका अक्षराचे दोन उच्चार यंत्राला वेगळे दिसतात आणि चार अक्षरांचे चार उच्चार एकच दिसतात. इंग्रजीत असे स्तंभ दोनच आहेत, अनुनासिक धरून तीन. मराठीत ते चार, अनुनासिक धरून पाच आहेत. इंग्रजीसाठी बनलेले साधन मराठीला जसेच्या तसे का लागू पडणार नाही, याचे कारण येथेच आहे.

हरवलेला स्तंभ परत मिळवण्याचा मार्ग भाषेतून जातो. 'साडीची' या शब्दानंतर घडी येण्याची शक्यता मोठी, 'दाराची' यानंतर कडी, आणि 'रस्त्यावर टाकलेली' यानंतर खडी. संगणकाला अशी संभाव्यता शिकवणाऱ्या रचनेला भाषाप्रतिमान म्हणतात. अडचण इतकीच की 'दाराची' हा शब्दही निःशब्द उच्चारात संदिग्ध असतो, म्हणून प्रत्येक शब्दाचा निर्णय मागच्या-पुढच्या शब्दांच्या निर्णयावर अवलंबून राहतो आणि संपूर्ण वाक्य एकदम सोडवावे लागते. यासाठी विपुल आणि बोलीभाषेच्या जवळ जाणारी मराठी सामग्री लागते. पवईच्या आयआयटी मुंबईत २००० पासून चालणाऱ्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रात मराठी शब्दजालासारखे, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध जोडणाऱ्या कोशासारखे, काम झाले आहे, त्यामुळे भाषेच्या बाजूने आरंभ शून्यातून करावा लागणार नाही.

पवईतच या विषयाच्या दुसऱ्या अंगावरही जुने आणि मोलाचे काम झालेले आहे, आणि त्याची जितकी माहिती मराठी वाचकाला असायला हवी तितकी ती नाही. विद्युत अभियांत्रिकी विभागातील प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या शतकाच्या प्रारंभी कृत्रिम स्वरयंत्रावर संशोधन केले. कृत्रिम स्वरयंत्र म्हणजे गळ्याला बाहेरून टेकवायचे, विजेवर थरथरणारे उपकरण. त्याची कंपने मांसातून मुखात शिरतात आणि जीभ त्यांना वर्णांचे रूप देते. परंतु त्या उपकरणाची घरघर बाहेरही गळते आणि शब्दांवर पसरते, ती गणिताने वजा करण्याच्या पद्धती या गटाने शोधल्या. कर्णबधिर मुलांना उच्चार शिकवताना जिभेची जागा पडद्यावर दाखवता यावी म्हणूनही त्यांनी काम केले, आणि तेथे एक मूलगामी अडचण पुढे आली: स्पर्शवर्णात जीभ टाळूला जेथे चिकटते, त्याच क्षणी ध्वनी क्षीण होतो, त्यामुळे ध्वनीवरून मुखाची आकृती काढणारे गणित नेमके महत्त्वाच्या क्षणी आंधळे होते. पांडे आणि मिलिंद शाह यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, त्या क्षणाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या ध्वनीवरून मधल्या स्पर्शाचे स्थान अनुमानाने काढले. प्रोब हाच क्षण प्रत्यक्ष दाखवतो. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत, आणि त्यांची गाठ मराठीसाठी घालून देणे या उपनगरातच शक्य आहे.

कृत्रिम स्वरयंत्राची आणि निःशब्द उच्चाराची अडचण मुळात एकच आहे. ते उपकरण अखंड थरथरत असल्याने क हा ग सारखा ऐकू येतो. प्रोबला नाद मुळीच दिसत नसल्याने क आणि ग एकच भासतात. दोघेही त्याच स्तंभापाशी अडतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवण्याची छोटी झडप हा आज अधिक चांगला उपाय आहे, आणि बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी अवघ्या पन्नास रुपयांची अशी झडप तयार केल्यापासून तो गरिबांच्याही आवाक्यात येण्याची आशा वाढली आहे. तरी ती प्रत्येकाला मानवत नाही, तिची निगा राखावी लागते, आणि काहींना श्वासासाठी गळ्यावर केलेले छिद्र बोटाने झाकून बोलणे जमत नाही. सोनोग्राफीवर आधारलेले साधन या सर्वांची जागा घेणार नाही. भारतात तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो, आणि ज्यांच्या जिभेचाच भाग काढावा लागतो त्यांना तर या तंत्राचा लाभ फारच थोडा होईल. ही मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण खोट्या आशेने रुग्णाचे नुकसानच होते. स्वरयंत्र काढताना बहुधा कंठिकास्थीही काढले जाते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर जिभेचा आधार आणि चित्रातली सावली दोन्ही बदलतात. निरोगी वक्त्यांवर शिकलेले यंत्र म्हणूनच रुग्णापुढे चाचपडते, आणि रुग्णांची स्वतंत्र सामग्री गोळा करण्यावाचून पर्याय राहत नाही.

भारतात या कामाला आणखी एक बाजू आहे, जी परदेशी निबंधांत आढळत नाही. गर्भलिंगनिदानाचा गैरवापर रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ च्या सुधारणेने तो अधिक कडक झाला. गर्भाचे लिंग दाखवू शकणारे प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागीच असले पाहिजे, आणि सहज उचलून नेता येणाऱ्या यंत्रांवर तर अधिकच बंधने आहेत. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. हा आकडा समोर असताना त्या बंधनांना अडथळा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र घरात वापरायचे जिभेचे साधन त्यामुळे आपोआप कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. उपाय अभियांत्रिकीतच आहे: ज्याचा प्रोब केवळ काही सेंटिमीटर खोलीपर्यंतच पाहू शकतो, ज्यातून चित्र बाहेर न येता फक्त शब्द बाहेर येतात, असे बंदिस्त उपकरण बनवावे आणि त्याला स्पष्ट मान्यता मागावी. आयआयटीतील बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र २०१४ मध्ये राज्य शासनाच्या विज्ञान आयोगाच्या साहाय्यानेच उभे राहिले, तेव्हा अशी मागणी करण्यास त्याहून योग्य जागा कोणती असेल?

याच संदर्भात एक सावधगिरीची गोष्ट. मोबाइलच्या नेहमीच्या स्पीकरमधून माणसाला जेमतेम ऐकू येईल अशी लहर सोडून ओठांची हालचाल टिपण्याचे प्रयोग गेल्या दशकात झाले आहेत. पुटपुटणे हे आजवर माणसाचे सर्वांत खाजगी बोलणे होते, आणि ते संमतीवाचून वाचणाऱ्या साधनाला कायद्याने आधीच मनाई असली पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ऐंशीहून अधिक इंग्रजी वक्त्यांच्या जिभेची व ओठांची चित्रे आवाजासह जगाला खुली केली. त्याआधी वाचादोष असलेल्या मुलांची अशी सामग्रीही तेथे तयार झाली होती. मराठीसाठी असा संग्रह करायचा तर त्याचे घटक मुंबईतच विखुरलेले आहेत. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, जेथे वाचा-उपचारतज्ज्ञ घडतात. पवईत अभियंते आहेत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात, आणि त्यांच्या बोलीही त्यांच्याबरोबर येतात. या तिन्हींना जोडणारा प्रकल्प अतिखर्चिक नाही. त्यात वक्ते केवळ पुस्तकी मराठी बोलणारे नसावेत. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी बोलणारेही असावेत, आणि त्यांनी तेच वाक्य एकदा मोठ्याने व एकदा निःशब्दपणे म्हणावे, कारण आवाज नसताना जीभ वेगळ्या तऱ्हेने हलते आणि यंत्राला तो फरक शिकवावा लागतो.

सर्वांत निकडीचे काम मात्र कोणत्याही प्रकल्पाची वाट पाहणारे नाही. ज्या रुग्णाच्या स्वरयंत्राची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्याचा आवाज आधीच नोंदवून ठेवला तर पुढे कोणतेही साधन त्याच्याच आवाजात बोलू शकेल. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीतील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आणि वाचा-उपचारतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांच्या यादीत या ध्वनिमुद्रणाचा समावेश करावा, आणि शक्य असेल तेथे नोंदणीकृत केंद्रात जिभेचीही चित्रे घ्यावीत. कुटुंबीयांनी तर डॉक्टरांनी सांगण्याची वाट पाहू नये. शांत खोलीत, साध्या मोबाइलवर, रोजच्या बोलण्यातली वाक्ये, घरच्यांची नावे, आकडे आणि वारांची नावे मिळून तासभर मुद्रित करावे आणि त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी जपाव्यात; शस्त्रक्रियेनंतर हे करता येणार नाही.